कूटचलन व्यवहारातील समोरचा पक्ष : विश्वासाच्या नियमांचे व्यवस्थापन

भारतीय बाजारपेठेत दीर्घकाळ चालत आलेल्या हुंडीच्या व्यवहारात ‘शाहजोग हुंडी’ हा एक प्रकार होता. या हुंडीची रक्कम कोणाही धारकाच्या हाती दिली जात नसे. ज्याची बाजारात पत आहे आणि ज्याचा ठावठिकाणा सर्वांना माहीत आहे, अशा प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाच, म्हणजे ‘शाहा’लाच, ती चुकती केली जाई. समोरचा माणूस खरोखरच शाह आहे काय, याची चौकशी रक्कम देणाऱ्या पेढीने करावयाची आणि पुढे हुंडी बनावट वा चोरीची निघाल्यास त्या शाहाने रक्कम परत करावयाची, असा रिवाज होता. कागद खरा असणे एवढे पुरेसे नव्हते; तो कोणाच्या हातून येतो, यालाही तितकेच महत्त्व होते.

संगणकीय जाळ्यावर चालणाऱ्या कूटचलनाच्या व्यवहारात आज हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या निबंधातून बिटकॉइनची संकल्पना मांडण्यात आली आणि जानेवारी २००९ मध्ये तिचे जाळे सुरू झाले. कोणत्याही मध्यस्थावर विश्वास न ठेवता दोन व्यक्तींना परस्पर रक्कम पाठविता यावी, हा त्यामागील विचार होता. ब्लॉकचेन या सामायिक खातेवहीमुळे एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर किती रक्कम गेली आणि तीच रक्कम दोनदा खर्च झाली नाही ना, याची खात्री पटते. तथापि, त्या पत्त्यांमागे कोण आहे, हे खातेवही सांगत नाही. प्रत्यक्षात सर्वसामान्य ग्राहक आपले व्यवहार एखाद्या विनिमय संस्थेमार्फतच करतो. त्यामुळे एका संस्थेने दुसऱ्या संस्थेवर किती, कशाच्या आधारे आणि किती काळ विश्वास ठेवावा, हे ठरविणारे लेखी नियम आवश्यक ठरले आहेत. या ‘प्रतिपक्ष विश्वास नियमां’चे स्वरूप समजावून सांगणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माहितीचा सहप्रवास

बँकेमार्फत रक्कम पाठविताना पाठविणाऱ्याची व स्वीकारणाऱ्याची माहितीही रकमेसोबत गेली पाहिजे, असा नियम अमेरिकेत १९९६ पासून अमलात आला. माहिती पैशांबरोबर प्रवास करते, म्हणून तो ‘ट्रॅव्हल रूल’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या वित्तीय कृती दलाने, म्हणजेच एफएटीएफने, ऑक्टोबर २००१ मध्ये दहशतवादाच्या अर्थपुरवठ्याविरुद्ध ज्या विशेष शिफारशी केल्या, त्यांत या तत्त्वाचा समावेश होता. २०१२ च्या सुधारित मानकांमध्ये ते सोळावी शिफारस म्हणून समाविष्ट झाले. जून २०१९ मध्ये हेच बंधन आभासी मालमत्तेच्या सेवा पुरवठादारांनाही लागू करण्यात आले. भारत जून २०१० पासून या दलाचा सदस्य आहे.

या मानकांनुसार १,००० डॉलर किंवा युरोहून अधिक रकमेच्या हस्तांतरणात पाठविणाऱ्याचे नाव, त्याचा खाते क्रमांक किंवा वॉलेटचा पत्ता, तसेच निवासाचा पत्ता, राष्ट्रीय ओळख क्रमांक, ग्राहक क्रमांक अथवा जन्मतारीख व जन्मस्थान यांपैकी एक तपशील, आणि स्वीकारणाऱ्याचे नाव व खाते क्रमांक ही माहिती पुढील संस्थेकडे तत्काळ व सुरक्षितपणे पोहोचविणे अपेक्षित आहे. रक्कम ब्लॉकचेनवरून जाते. माहिती मात्र स्वतंत्र व गोपनीय मार्गाने पाठवावी लागते. ही माहिती कोणाच्या हाती द्यावी, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

भारतातील कायदेशीर चौकट

भारतात कूटचलनाला वैध चलनाचा दर्जा नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी परिपत्रक काढून बँकांना अशा व्यवहारांसाठी सेवा देण्यास मनाई केली होती. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्दबातल ठरविले. २०२२ च्या वित्त अधिनियमाने ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ ही संज्ञा कायद्यात आणली व तिच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के कर आकारला. मात्र करआकारणी म्हणजे मान्यता नव्हे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

विश्वासाच्या नियमांच्या दृष्टीने ७ मार्च २०२३ ची अधिसूचना सर्वांत महत्त्वाची आहे. या अधिसूचनेने आभासी डिजिटल मालमत्तेचा विनिमय, हस्तांतरण व सुरक्षित सांभाळ आदी सेवा देणाऱ्या संस्थांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक अधिनियम, २००२ च्या कक्षेत आणले. तेव्हापासून या संस्थांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे (एफआययू-इंड) नोंदणी करणे, ग्राहकाची ओळख पटविणे, संशयास्पद व्यवहार कळविणे आणि व्यवहारांच्या नोंदी पाच वर्षे जतन करणे बंधनकारक झाले. विभागाने १० मार्च २०२३ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये माहितीच्या सहप्रवासाचाही अंतर्भाव आहे. संस्थेचे कार्यालय भारतात आहे की नाही, यावर हे उत्तरदायित्व अवलंबून नाही. भारतातील ग्राहकांना सेवा दिली की ते लागू होते.

या तरतुदींमागे केवळ आंतरराष्ट्रीय बांधिलकी नाही. ‘डिजिटल अटके’ची धमकी देऊन किंवा जादा परताव्याचे आमिष दाखवून लुबाडलेली रक्कम भाड्याच्या बँक खात्यांतून फिरविली जाते आणि अनेकदा कूटचलनात रूपांतरित करून देशाबाहेर नेली जाते. बँकेच्या टप्प्यावर ती गोठविता येते, म्हणूनच १९३० या मदत क्रमांकावर त्वरित तक्रार करण्याचे आवाहन केले जाते. एकदा ती कूटचलनात गेली, की तिला अडविण्याची अखेरची संधी विनिमय संस्थेच्या दारातच असते. निवृत्तिवेतनधारकाची आयुष्यभराची पुंजी वाचणार की नाही, हे अशा वेळी त्या संस्थेने आधीच आखून ठेवलेल्या नियमांवर अवलंबून राहते.

पत्त्यामागची संस्था ओळखणे

बँकेच्या व्यवहारात ११ अक्षरांचा आयएफएससी संकेतांक असतो. त्यातील पहिली चार अक्षरे बँक दर्शवितात व शेवटची सहा शाखा कळवितात. कूटचलनाच्या पत्त्यात अशी सोय नाही. अक्षरे व अंक यांची ती लांबलचक मालिका एखाद्या नोंदणीकृत संस्थेची आहे, खासगी व्यक्तीच्या मोबाइलमधील वॉलेटची आहे की चोरट्यांच्या टोळीची, हे पाहून कळत नाही.

यासाठी एफएटीएफने २०२१ च्या सुधारित मार्गदर्शनात तीन टप्पे सांगितले आहेत. समोर सेवा पुरवठादार संस्था आहे की खासगी वॉलेट, हे प्रथम ठरवावे. संस्था असल्यास ती नेमकी कोणती, हे दुसऱ्या टप्प्यात निश्चित करावे. त्या संस्थेकडे ग्राहकाची माहिती सोपविणे व तिच्याशी व्यवहार करणे योग्य आहे काय, याची पडताळणी तिसऱ्या टप्प्यात करावी. पहिल्या दोन टप्प्यांसाठी ग्राहकाचे निवेदन, ब्लॉकचेनचे विश्लेषण आणि संस्थांमधील सुरक्षित संदेशव्यवस्था यांचा आधार घेतला जातो. या संदेशांची भाषा एकसारखी असावी, म्हणून २०२० मध्ये आयव्हीएमएस १०१ हे मानक तयार करण्यात आले. विश्वासाचे नियम खऱ्या अर्थाने तिसऱ्या टप्प्याशी संबंधित आहेत.

विश्वासाच्या कसोट्या

समोरच्या संस्थेची पारख करताना साधारणपणे पाच कसोट्या लावल्या जातात. पहिली कसोटी नोंदणीची : ती संस्था आपल्या देशात व जेथे ग्राहक मिळविते त्या देशात अधिकृतपणे नोंदलेली आहे काय? दुसरी देशाची : तो देश एफएटीएफच्या उच्च जोखमीच्या किंवा वाढीव देखरेखीच्या यादीत आहे काय? या याद्यांचा साधारणपणे फेब्रुवारी, जून व ऑक्टोबर असा वर्षातून तीनदा आढावा घेतला जातो. तिसरी कसोटी मालकी व निर्बंधांची : संस्थेचे मालक वा चालक कोण आहेत आणि त्यांची नावे संयुक्त राष्ट्रांच्या अथवा अन्य निर्बंध याद्यांमध्ये आहेत काय? चौथी कार्यपद्धतीची : ती आपल्या ग्राहकांची ओळख खरोखर पटविते काय आणि विचारलेल्या प्रश्नांना वेळेत उत्तर देते काय? पाचवी, आणि अनेकदा दुर्लक्षित राहणारी, कसोटी माहितीच्या सुरक्षिततेची : आपण पाठविलेले नाव व पत्ता तेथे सुरक्षित राहील काय?

या कसोट्यांवरून संस्थांची वर्गवारी केली जाते. पूर्ण उतरलेल्या संस्थेशी होणारा व्यवहार माहितीची देवाणघेवाण होताच आपोआप पुढे जातो. काही बाबी अपुऱ्या असल्यास रकमेची मर्यादा, अतिरिक्त कागदपत्रे किंवा अधिकाऱ्याची तपासणी अशी अट घातली जाते. ओळख निश्चित न झालेल्या संस्थेचा व्यवहार चौकशी होईपर्यंत थांबविला जातो. आणि निर्बंधित वा नोंदणी टाळणाऱ्या संस्थेशी व्यवहार नाकारला जातो. ज्या संस्थेसाठी कोणताच नियम लिहिलेला नाही, तिच्याबाबत ‘थांबवा व तपासा’ हाच मूळ नियम असला पाहिजे. तो ‘जाऊ द्या’ असा ठेवल्यास यादीत नसलेली प्रत्येक संस्था आपोआप विश्वासपात्र ठरते आणि सारी व्यवस्था निरर्थक होते.

एकाच व्यवहाराला दोन नियम लागू होतात, तेव्हा कोणता वरचढ मानावा, हेही आधीच ठरवावे लागते. संस्था विश्वासपात्र असली, तरी विशिष्ट पत्ता चोरीच्या रकमेशी जोडलेला असू शकतो. अशा वेळी निषेधाचा नियम संमतीच्या नियमाला बाजूला सारतो. पेढीची पत कितीही मोठी असली, तरी हातात पडलेली हुंडी पारखावीच लागते, असाच याचा अर्थ आहे.

जाणारी रक्कम आणि येणारी रक्कम

बाहेर जाणाऱ्या रकमेबाबत संस्थेचे नियंत्रण पूर्ण असते. पण ते रक्कम पाठविण्यापूर्वीच वापरावे लागते. ब्लॉकचेनवरील नोंद पक्की झाल्यावर ती रद्द करण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयाकडे नसतो. म्हणून प्रतिपक्षाची पडताळणी व माहितीचे प्रेषण आधी आणि रक्कम नंतर, हा क्रम कटाक्षाने पाळला पाहिजे.

येणाऱ्या रकमेची गोष्ट वेगळी आहे. पत्ता ज्याला माहीत आहे, असा कोणीही त्यावर रक्कम पाठवू शकतो. तिचे आगमन रोखता येत नाही. रोखता येते ते ग्राहकाच्या खात्यात जमा होणे. आवश्यक माहिती न आलेली रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवणे, पाठविणाऱ्या संस्थेकडे विचारणा करणे आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास पुढील निर्णय घेणे, असे टप्पे नियमांत नमूद हवेत. ‘आली तेथे परत पाठवा’ हा उपाय वरवर सोपा वाटतो. परंतु अनेक ग्राहकांच्या रकमा एकत्र ठेवलेल्या वॉलेटमधून ती आली असेल, तर परत केलेली रक्कम मूळ ग्राहकाला मिळेलच असे नाही. आणि ती गुन्ह्यातील असेल, तर ती पुन्हा गुन्हेगाराच्या हाती जाते. संशयाची बाब वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळविल्यास ते ग्राहकाला सांगता येत नाही, याचेही भान ठेवावे लागते.

खासगी वॉलेटमागे कोणतीच संस्था नसल्याने तेथे प्रतिपक्षाची पारख करता येत नाही. अशा वेळी ते वॉलेट ग्राहकाचेच असल्याचा पुरावा घेतला जातो. त्या वॉलेटच्या किल्लीने एखादा ठरलेला संदेश स्वाक्षरित करून घेणे किंवा अल्प रक्कम पाठवावयास सांगणे, या दोन पद्धती रूढ आहेत. युरोपीय संघाच्या नियमांत ग्राहकाच्या अशा वॉलेटशी १,००० युरोहून अधिक रकमेचा व्यवहार असल्यास मालकीची पडताळणी आवश्यक आहे.

देशोदेशींच्या वेगवेगळ्या तारखा

सूर्य सर्व देशांत एकाच वेळी उगवत नाही. तसाच हा नियमही सर्वत्र एकाच दिवशी लागू झालेला नाही. सिंगापूरने तो जानेवारी २०२० मध्ये, दक्षिण कोरियाने मार्च २०२२ मध्ये, जपानने जून २०२३ मध्ये, ब्रिटनने सप्टेंबर २०२३ मध्ये, तर युरोपीय संघाने ३० डिसेंबर २०२४ पासून अमलात आणला. किमान रकमेच्या मर्यादाही भिन्न आहेत. दक्षिण कोरियात ती १० लाख वॉन ठेवण्यात आली, तर युरोपीय संघाने संस्थांमधील व्यवहारांसाठी अशी मर्यादाच ठेवली नाही.

समजा, इंदूरच्या एखाद्या ग्राहकाला अशा देशातील संस्थेकडे रक्कम पाठवावयाची आहे, जेथे हा नियम अद्याप लागू नाही. ती संस्था माहिती स्वीकारण्यास तयार नसेल, तर भारतीय संस्थेचे कर्तव्य त्यामुळे संपत नाही. सर्वच व्यवहार नाकारणे किंवा सर्वच स्वीकारणे, ही दोन्ही टोके टाळून जोखमीनुसार निर्णय घेता यावा, यासाठीच श्रेणीबद्ध नियमांची आवश्यकता असते.

ग्राहकाची बाजू

या व्यवस्थेत प्रामाणिक ग्राहकाचे नुकसान दोन प्रकारे होऊ शकते. पहिला प्रकार माहिती भलत्याच हाती पडण्याचा. नाव, निवासाचा पत्ता आणि कूटचलनाची रक्कम हे तिन्ही तपशील एकत्र मिळाल्यास फसवणूक करणाऱ्यांना आयतेच सावज सापडते. तेव्हा प्रतिपक्षाची खातरजमा होण्यापूर्वी वैयक्तिक माहिती पाठविणे, हे नियमाचे पालन नसून त्याचा विपर्यास होय. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ आणि त्याखालील नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नियम यांच्या संदर्भातही हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

दुसरा प्रकार विनाकारण अडवणुकीचा. भारतीय नावांची रोमन लिपीतील रूपे एकसारखी नसतात. एकच व्यक्ती एका ठिकाणी मुखर्जी व दुसरीकडे मुखोपाध्याय असू शकते. तामिळनाडूत अनेक जण आडनावाऐवजी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावतात, तर महाराष्ट्रात वडिलांचे वा पतीचे नाव मध्ये येते. अक्षरशः जुळणी मागणारा नियम अशा हजारो व्यवहारांना संशयित ठरवील. म्हणून नावाच्या वर्णलेखनातील फरकाला मुभा द्यावी, मात्र जन्मतारीख किंवा ओळख क्रमांक यांतील तफावत गंभीर मानावी, असा विवेक नियमांत हवा. अडविलेल्या व्यवहाराचे कारण कायद्याच्या मर्यादेत ग्राहकाला कळविणे, त्याच्याकडून नेमकी कोणती कागदपत्रे हवीत हे सांगणे आणि तक्रारीसाठी जबाबदार अधिकारी नेमणे, हाही चांगल्या व्यवस्थापनाचा भाग आहे. विनाकारण जाच झाल्यास ग्राहक नोंदणीकृत संस्था सोडून रोखीने व्यवहार करणाऱ्या अनोळखी दलालाकडे वळतो, आणि मग ना माहिती उरते, ना संरक्षण.

नियमांची निगा

एकदा दिलेला विश्वासाचा शेरा कायमचा मानणे, ही या क्षेत्रातील सर्वांत धोकादायक सवय आहे. वित्तीय गुप्तवार्ता विभागाने २८ डिसेंबर २०२३ रोजी भारतात नोंदणी न करता सेवा देणाऱ्या नऊ विदेशी संस्थांना कारणे दाखवा नोटिसा बजावल्या. त्यांत बायनान्स व कूकॉइन यांचा समावेश होता. पुढे २०२४ मध्ये या दोन्ही संस्थांनी नोंदणी केली. पूर्वीच्या उल्लंघनाबद्दल कूकॉइनला ३४.५ लाख रुपये, तर बायनान्सला १८.८२ कोटी रुपये दंड झाला. त्या संस्थांविषयी डिसेंबर २०२३ मध्ये लिहिलेला नियम वर्षभरातच बदलावा लागला असणार, हे उघड आहे.

बदल याच्या उलट दिशेनेही होतो, आणि तो काही तासांत होतो. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या विनिमय संस्थेतून सुमारे दीड अब्ज डॉलर मूल्याची मालमत्ता चोरीस गेली. अमेरिकेच्या एफबीआयने २६ फेब्रुवारीस या चोरीसाठी उत्तर कोरियाला जबाबदार धरले. चोरलेली मालमत्ता हजारो पत्त्यांवर विखुरली जात असल्याचे सांगून संबंधित पत्त्यांशी व्यवहार रोखण्याचे आवाहनही केले. अशा प्रसंगी ज्यांची नियमावली तिमाही बैठकीची वाट पाहते, त्यांच्या दारातून रक्कम निघून गेलेली असते.

म्हणून प्रत्येक नियमासोबत चार गोष्टी नोंदविलेल्या असाव्यात : तो कोणत्या पुराव्यावर केला, कोणी मंजूर केला, कोणत्या दिवसापासून लागू आहे आणि त्याचा फेरविचार केव्हा व्हावयाचा आहे. मुदत संपलेला नियम आपोआप खालच्या श्रेणीत गेला पाहिजे. बदल सुचविणारा व मंजूर करणारा अधिकारी एकच नसावा. विशेषतः ज्याच्यावर व्यवसायवाढीची जबाबदारी आहे, त्याच्या हाती सूट देण्याचा अधिकार नसावा. कायद्यानुसार नेमलेला प्रधान अधिकारी व पदनिर्देशित संचालक यांनी अपवादांची यादी नियमित तपासावी, कारण व्यवस्था बहुधा नियमांमुळे नव्हे, तर ‘तात्पुरत्या’ अपवादांमुळे पोखरली जाते. जुने नियम पुसून न टाकता जतन करावेत. तीन वर्षांनंतर एखाद्या व्यवहाराची चौकशी झाल्यास त्या दिवशी कोणता नियम अमलात होता, हे दाखविता आले पाहिजे.

ही जबाबदारी केवळ मोठ्या संस्थांची नाही. नवउद्योग म्हणून सुरू झालेल्या लहान संस्थांना प्रत्येक प्रतिपक्षाची स्वतंत्र चौकशी करणे खर्चिक ठरते. त्यांनी पडताळणीची सामायिक साधने वापरण्यास हरकत नाही. निर्णयाचे उत्तरदायित्व मात्र दुसऱ्याकडे सोपविता येत नाही. ग्राहकांनीही आपण निवडलेली संस्था वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेली आहे काय, हे पाहावे. ही नोंदणी कूटचलनाच्या भावाची वा गुंतवणुकीच्या सुरक्षिततेची हमी नाही. काही विपरीत घडल्यास जाब कोणाला विचारावयाचा, हे मात्र तिच्यामुळे निश्चित होते.

गणिताच्या बळावर चालणाऱ्या खातेवहीने नोंदीच्या खरेपणाचा प्रश्न सोडविला. माणसाच्या खरेपणाचा प्रश्न तिला सोडविता आला नाही, आणि तो तसा सुटणाराही नाही. जुन्या पेढीवरचा मुनीम शाहाची पत पारखून मगच रक्कम मोजीत असे. आजच्या संस्थेला तेच काम क्षणार्धात, लाखो व्यवहारांत आणि सीमेपलीकडच्या अनोळखी पक्षांबाबत करावयाचे आहे. म्हणूनच तिचा विश्वास लेखी, मोजून दिलेला, मुदतीचा आणि पुराव्यानिशी मागे घेता येणारा असला पाहिजे.